फोर-एच, एफएफए, कृषिकन्या, परसबाग : शेती करायची नसलेल्या मुलांनी इथे का जावं?

रानवारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज वेळ मिळालाय तर सविस्तर लिहिते.

आम्ही आयोवात राहतो. चहूकडे मका आणि सोयाबीन, पण आमच्या घरात शेतीशी कुणाचाच संबंध नाही. नवरा आयटीत, मी फार्मसीत, माहेर पुणे सासर नाशिक, गुंठाभर जमीन नावावर नाही. मुलगी चौथीत असताना तिच्या मैत्रिणीच्या आईने विचारलं, हिला फोर-एचला (इथला शाळकरी मुलांचा क्लब) आणता का? मी म्हटलं अहो आम्हाला कुठे शेती करायचीय. ती म्हणाली एकदा मीटिंगला येऊन बसा, मग ठरवा.

तेव्हा आमची मुलगी घराबाहेर जवळजवळ बोलायचीच नाही. शाळेतून दरवर्षी तेच यायचं, हुशार आहे पण वर्गात तोंड उघडत नाही. आम्ही ओरडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, नाटकाच्या क्लासला घातलं, तिथून ती दुसऱ्या दिवशी रडत परत आली.

तर मीटिंगला गेलो. चर्चच्या तळघरातली खोली, पंचवीसेक मुलं, आणि टेबलामागे एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी हातात लाकडी हातोडी घेऊन बसलेली, ती अध्यक्ष. सेक्रेटरी मुलगा, खजिनदार मुलगी, सगळा कारभार मुलांचा आणि मोठी माणसं मागच्या खुर्च्यांवर गप्प. आधी झेंड्याची शपथ, मग फोर-एचची. डोक्याला हात लावून डोक्याचं, छातीवर हात ठेवून हृदयाचं, तळवे पुढे करून हातांचं आणि मग आरोग्याचं. हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ, हेच ते चार एच, म्हणून चिन्ह चार पानांचं क्लोव्हर. मग हजेरी. पण हजेरीला नुसतं 'प्रेझेंट' म्हणायचं नाही, एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. त्या दिवशी प्रश्न होता, तुमचं आवडतं आइस्क्रीम कोणतं. नाव पुकारलं गेलं आणि आमची पोरगी म्हणाली 'मँगो'. एवढंच. पण पंचवीस अनोळखी मुलांसमोर ती स्वतःहून पहिल्यांदा बोलली ती तेव्हा, मी मागच्या खुर्चीवर बसून डोळे पुसत होते.

त्याला आता पाच वर्षं झाली. मला जे सांगायचंय ते असं की इथे शेती हे निमित्त आहे, खरं शिक्षण दुसरंच चालू असतं. आमच्याकडे काउंटी फेअरला (जिल्ह्याच्या जत्रा-प्रदर्शनाला) मुलं जे काही मांडतात, कपडा शिवलेला असो, फोटो असो, टोमॅटो असोत, त्याच्यासोबत एक कार्ड लिहून न्यावं लागतं. त्यावर तीन प्रश्न. तुझं ध्येय काय होतं, त्यासाठी तू काय काय केलंस, आणि त्यातून महत्त्वाचं काय शिकलास. आणि परीक्षक वस्तूला लांबून नंबर देऊन मोकळे होत नाहीत, मूल टेबलाच्या या बाजूला आणि परीक्षक त्या बाजूला, समोरासमोर बसून बोलतात. पहिल्या वर्षी हिने टोमॅटो नेले होते, एका बाजूने डागाळलेले. परीक्षक बाईंनी विचारलं हा डाग कशाने पडला असेल गं? ही म्हणाली पाणी कधी खूप घातलं कधी विसरले. मग पुढच्या वर्षी काय करशील? 'मी कॅलेंडरवर लिहीन.' निळी रिबन नाही मिळाली, लाल मिळाली. पण एका अनोळखी मोठ्या माणसाने नऊ वर्षांच्या मुलीशी दहा मिनिटं तिच्या कामाबद्दल गंभीरपणे बोलणं ही गोष्ट माझ्या अख्ख्या बालपणात माझ्या वाट्याला एकदाही आली नव्हती.

तुमचे अनुभव लिहा ना. अमेरिकेतलेच पाहिजेत असं नाही, आपल्याकडे असं काय काय चालतं तेही वाचायचंय.

निळं_जाकीट

ताई, आइस्क्रीमचं वाचून गलबलून आलं.

आम्ही इंडियानात, इंडियानापोलिसच्या एका सबर्बमध्ये. मुलगा हायस्कूलला एफएफएत होता. फोर-एच लहानपणापासून असतं आणि विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन ऑफिसमार्फत चालतं, एफएफए हे शाळेतल्या शेती विषयाला जोडलेलं. १९२८ ला कॅन्सस सिटीत सुरू झालं, नाव होतं फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका. १९८८ मध्ये ते बदलून नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन केलं, कारण तोपर्यंत त्यातली मुलं विज्ञान, व्यापार, शिक्षण अशा सगळ्या दिशांना जायला लागली होती आणि 'भावी शेतकरी' हे नाव अपुरं पडत होतं. म्हणजे तुम्ही जे म्हणताय ते त्यांनी स्वतःच मान्य केलंय. मुलींना मात्र राष्ट्रीय पातळीवर प्रवेश १९६९ ला मिळाला, आणि काळ्या मुलांची वेगळी संघटना होती ती १९६५ मध्ये यात विलीन झाली, हाही इतिहास मुलांना माहीत असावा असं मला वाटतं.

माझ्या मुलाला सर्वात जास्त फायदा झाला तो गुरं पारखण्याच्या स्पर्धेचा. शाकाहारी ब्राह्मण घरातला मुलगा गायी पारखतोय म्हणून भारतात आजीला काय सांगायचं कळेना. पण ती स्पर्धा काय असते ऐका. चार जनावरं समोर उभी करतात, ठरावीक मिनिटं देतात, त्यांचे एक ते चार नंबर लावायचे. हे झालं सोपं काम. मग एकेकाला परीक्षकासमोर एकटं उभं करतात आणि दोन मिनिटांत, कागद हातात न घेता, सांगायचं की मी हीच पहिली का लावली, दुसरी पहिलीपेक्षा कुठे कमी, तिसरी दुसरीपेक्षा कुठे कमी. आणि त्यातली खरी गंमत म्हणजे खाली लावलेल्या गायीत जे चांगलं आहे ते आपल्या तोंडाने कबूल करायचं. 'तिसरीची चाल दुसरीपेक्षा चांगली आहे हे मी मान्य करतो, पण...' असं. हे नाही केलं तर उत्तर कच्चं धरतात.

आज तो सिव्हिल इंजिनिअरिंग करतोय, गायीचा आणि त्याचा काही संबंध उरला नाही. पण घरात वाद झाला की तो आधी म्हणतो, बाबा तुमचा हा मुद्दा बरोबर आहे, आणि मग स्वतःचं मांडतो. मला पन्नाशी आली तरी हे जमत नाही.

शहरी_बाबा

धागा छान आहे. एक शंका, मनापासून विचारतोय. या फेअरला जनावरांचा लिलाव असतो ना? मुलं वर्षभर जीव लावून वाढवतात आणि मग ते कत्तलीला जातं. लहान मुलाला हे कशाला? आम्हालाही आमच्या मुलाला घालायचंय (टेक्सास) पण बायको याच कारणाने नको म्हणतेय.

रानवारा

शंका अगदी रास्त आहे. हो, मार्केट प्रोजेक्टमधलं जनावर शेवटी विकलं जातं आणि मुलं रडतात, मी पाहिलंय. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय त्यांची मुलंही रडतात. पण ते घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. बाग आहे, फोटोग्राफी, शिवण, सुतारकाम, रोबोटिक्स, कुत्र्याला शिकवणं आहे. आम्ही दुभती शेळी घेतली, म्हणजे शेतावर राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाकडे ठेवली आणि मुलगी रोज शाळेनंतर तिकडे जायची.

आता हे सांगू की नको असं दोनदा वाटलं, पण तुम्ही बायकोशी बोलणार आहात तर पूर्ण माहिती असू दे. दुसऱ्या वर्षी त्या शेळीला दोन पिल्लं झाली. एका संध्याकाळी मुलीने खुराक घातला आणि दाण्याच्या पिंपाचं झाकण नीट बसवलं नाही. रात्रीतून मोठं पिल्लू तिथे पोचलं आणि त्याने पोट फुटेस्तोवर दाणे खाल्ले. सकाळी फोन आला तेव्हा ते आडवं पडलेलं, पोट ढोलासारखं, दात खातंय. पशुवैद्य आले, नळी घातली, औषध दिलं, दुपारी ते गेलं.

मुलगी तीन दिवस जेवली नाही नीट. मी तर ठरवलंच होतं की आता बंद. चौथ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली मला शेतावर सोड. तिथे गेल्यावर आधी पिंपाचं झाकण उघडून परत लावून पाहिलं, दोनदा, मग दुसऱ्या पिल्लाला घेऊन बसली. वर्षअखेरीला प्रत्येक मुलाला रेकॉर्ड बुक भरावं लागतं, चारा किती, खर्च किती, दूध किती, काय शिकलात. तिने पशुवैद्याचं बिल खर्चाच्या रकान्यात लिहिलं, त्याच्यापुढे तारीख, आणि 'काय शिकलात' खाली एकच ओळ लिहिली : झाकण मी लावलं नव्हतं.

कुणी तिला हे लिहायला सांगितलं नव्हतं. लपवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मला त्या ओळीचा अभिमान आहे, दुःखासकट.

बांधावरून

रागावू नका पण मी थोडं वेगळं लिहिणार आहे.

मी मराठवाड्यातला, कोरडवाहू कापूस आणि सोयाबीन, आता संभाजीनगरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. वरचं सगळं वाचताना चांगलंही वाटलं आणि आतून तुटल्यासारखंही झालं. आम्ही लहानपणी हे सगळं केलंय हो. दिवाळीनंतर कापूस वेचायला पहाटे निघायचो, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटायची, शाळा बुडायची. म्हशीचं करायचो, रात्री लाइट आली की मोटर चालू करायला बाबांबरोबर अंधारात जायचो. त्याने माझा आत्मविश्वास वाढला नाही, उलट आठवीत मी मागे पडलो. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना ती शिकवणारी वाटते, ज्यांच्या घरी आहे त्यांना ती शाळेतून ओढून नेते. शेतात राबणाऱ्या पोराला क्लब कशाला, त्याला शाळेत बसू द्या.

रानवारा

दादा, रागावण्याचा प्रश्नच नाही, उलट हे लिहिल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि मूळ पोस्ट लिहिताना माझ्या डोक्यात ही बाजू आली नव्हती.

एक विचारू? त्या सगळ्या वर्षांत तुम्हाला कुणी कधी विचारलं का, की तुला काय वाटतं? म्हणजे ही ओळ लवकर वेचायची की ती, म्हैस दूध कमी का देत असेल, असं? मला वाटतं फरक तिथे आहे. काम दोन्हीकडे आहे, तुमचं तर कितीतरी जास्त होतं. पण इथे मुलाला काम देताना त्यातला निर्णयही देतात, आणि नंतर कुणीतरी समोर बसून विचारतं की काय केलंस आणि का केलंस. फेअरला शेळी रिंगणात आणली की परीक्षक मुलीला काय विचारतात माहितीये? 'तुझ्या शेळीतली एक उणीव सांग.' पांढरे कपडे, शेळी कायम आपल्या आणि परीक्षकाच्या मध्ये राहील अशी फिरवायची, आणि तेवढ्यात हे उत्तर द्यायचं. सगळ्या आयांसारखं मलाही वाटायचं की चांगलंच सांगावं, पण ती म्हणाली मागचे पाय जरा जवळ जवळ पडतात. परीक्षकांनी मान डोलावली.

बांधावरून

नाही विचारलं. कुणीच नाही विचारलं.

एकदा मात्र असं झालं, तुमच्या रेकॉर्ड बुकवरून आठवलं. दहावीत असताना गणिताच्या सरांनी नफा-तोटा शिकवताना सांगितलं, प्रत्येकाने घरच्या एका पिकाचा एका एकराचा हिशेब लिहून आणा. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडं. आमची स्वतःची मजुरी धरायची का असं सरांना विचारलं तर ते म्हणाले, का नाही धरायची, तुझे आईबाप फुकटचे आहेत का? ती धरल्यावर आकडा उणे आला. मी ते कॅलेंडर घरी भिंतीला परत उलटं लावलं होतं, बाबांनी वाचलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, सोयाबीनचंही काढ.

त्यानंतर दरवर्षी मी काढतो. आजही. कंपनीत कागदोपत्री कामात मला सगळे मानतात त्याचं मूळ ते कॅलेंडर आहे. तेव्हा ताई तुमचा मुद्दा मान्य, फक्त एवढं लिहा की हे शाळेच्या वेळेत आणि शाळेने केलं पाहिजे, पोराला शाळेतून काढून नाही.

निळं_जाकीट

'सोयाबीनचंही काढ' वाचून थांबलो काही वेळ. दादा, खूप छान लिहिलंत.

पाबळचा_माजी

शाळेच्या वेळेत आणि शाळेने, हे आपल्याकडे झालेलं आहे म्हणून लिहितोय. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं, हाताने काम करता करता माणूस नैसर्गिकपणे शिकतो. तिथूनच शाळांमध्ये आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आला. त्यात शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार भाग, आठवड्यातला एक दिवस त्याच्यासाठी राखीव.

मी गणितात ढ होतो. वर्ग काढणे म्हणजे काय ते पाठ होतं, कशाला काढायचा ते माहीत नव्हतं. एक दिवस सरांनी टेप घेऊन गोठ्यात नेलं आणि म्हणाले या गायीचं वजन सांगा, काटा नाहीये. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग, त्याला खांद्यापासून मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं, उत्तर साधारण किलोत. आम्ही तिघं, एक गाय धरतोय, एक टेप पोटाखालून घालतोय, मी वहीत लिहितोय, गाय हलली की पुन्हा पहिल्यापासून. घेरात दोन इंच चुकलं तर वजनात केवढा फरक पडतो ते करून पाहिलं, लांबीत दोन इंच चुकलं तर तेवढा पडत नाही. का? कारण घेराचा वर्ग होतो. त्या दिवशी मला वर्ग कळला. गोठेवाल्या काकांनी विचारलं मग औषधाचा डोस याच्यावरून काढता येईल का, सर म्हणाले त्यासाठीच तर मोजतो.

आज मी फॅब्रिकेशनचा धंदा करतो. शेती नाही. पण गिऱ्हाईक म्हणालं शेड अशी पाहिजे तर मी आधी टेप काढतो, बोलणं नंतर.

अण्णा_साताऱ्याचे

वय ७४. सुनेने फोनवर मराठी टायपिंग शिकवलंय, चुका पोटात घाला.

तुम्ही सगळे नवीन गोष्टी सांगताय, पण आमच्या सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा व शिका' ही पद्धत आणली. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. मी त्याच पद्धतीने कॉलेज केलं. सकाळी बागेत पाणी, खुरपणी, मग तास. त्याचे पैसे फीमध्ये वळते व्हायचे. कुणी उपकार केले अशी भावना मनात राहिली नाही, हा सर्वात मोठा लाभ. आणि सगळ्या जातीची मुलं एका वाफ्यात काम करून एका पंगतीत जेवायची. माझ्या गावात तेव्हा ते होत नव्हतं. मी पुढे पोस्टात नोकरी केली, शेती धाकट्या भावाने केली. पण माणसात माणूस म्हणून बसायला मी तिथे शिकलो.

भातवाली

अण्णा, नमस्कार करते.

मी दापोलीच्या विद्यापीठातून बीएस्सी अ‍ॅग्री केलंय, सध्या बँकेत आहे. आमच्या शेवटच्या वर्षी गावात राहून कार्यानुभव करावा लागतो, मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. पेपरात दर वर्षी फोटो येतात बघा, 'कृषिकन्यांनी दिले प्रात्यक्षिक', त्यातली एक मी.

(जोडणीचा एक मुद्दा, आपल्याकडची कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या लँड ग्रँट (सरकारी जमिनीच्या मदतीने उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांच्या धर्तीवर उभी केली, शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे हे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेणं) एका छताखाली. राहुरी १९६८ ची. तिकडे विस्ताराची शाखा म्हणजे १९१४ च्या कायद्याने आलेली एक्स्टेन्शन सेवा आणि तिच्यातच फोर-एच. आपण विद्यापीठ घेतलं, शेतकरी मेळावे घेतले, पण मुलांचे क्लब तसे गावोगाव रुजले नाहीत. याचं मला खरंच वाईट वाटतं.)

गावात पहिल्याच आठवड्यात मंदिरासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा असतो. घरं, विहिरी, ओढा, भातखाचरं, वरकस जमीन. आम्ही सहा जणी काढायला लागलो, आणि थोड्या वेळाने बघते तर एक म्हातारी वाकून रांगोळी हातात घेऊन सांगतेय, ही वहाळाची वाट इकडून नाय, तिकडून. मग दुसरी आली. अर्ध्या तासात नकाशा गावाने काढला, आम्ही फक्त रंग पुरवत होतो.

मग भाताच्या बियाण्याचं प्रात्यक्षिक. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भात ओतायचं, पोकळ दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाचं बी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. चाळीस माणसं भोवती, आणि माझे हात इतके थरथरत होते की मीठ ताटात सांडलं. बोलता बोलता सरळ पाठ केलेलं म्हणून टाकलं. तेवढ्यात मागून एका आजोबांनी विचारलं, वर तरंगलेलं कोंबड्यांना घालू का? हे पुस्तकात नव्हतं. मी दोन सेकंद थांबले आणि म्हटलं, आजोबा खारट आहे ते, चांगलं धुऊन, वाळवून घाला. कुणी हसलं नाही, आजोबा 'बरं' म्हणाले, आणि माझी भीती तिथे संपली. त्यानंतर मी पाठ केलेलं बोललेच नाही.

आता बँकेत कर्जाच्या फाइली बघते. समोर माणूस बसला की मी आधी त्याला त्याच्या गावाचं विचारते, कागद नंतर. रांगोळीचा नकाशा डोक्यात असतो.

झेडपी_गुरुजी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पाचवी ते सातवी, पट ४१. शाळेत परसबाग आहे, पोषण आहारासाठी, मेथी, पालक, मुळा, शेवग्याची दोन झाडं, कढीपत्ता. बाग चांगली आहे पण खरं सांगायचं तर ती माझी बाग आहे. काय लावायचं मी ठरवतो, वाफे मी आखून देतो, मुलं पाणी घालतात. रानवारा ताईंचे ते तीन प्रश्न वाचले आणि रात्री झोप लागली नाही. मी मुलांना कधी विचारलंच नाही.

एक करून बघतो. ताई, तुमच्या मुलीच्या क्लबची मीटिंग कशी चालते ते क्रमाने लिहाल का?

रानवारा

गुरुजी, आनंदाने. अध्यक्ष हातोडी वाजवून सुरुवात करतो, शपथ, हजेरी आणि तिचा प्रश्न, मग सेक्रेटरी मागच्या मीटिंगचं वाचतो, खजिनदार शिल्लक सांगतो. मग जुने विषय, नवे विषय. ज्याला काही करायचंय तो 'मी असा प्रस्ताव मांडतो' म्हणतो, दुसरा अनुमोदन देतो, चर्चा, हात वर. मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही, हा नियम पाळणं सगळ्यात अवघड, मला अजून जमत नाही. मग एखादं मूल काहीतरी करून दाखवतं, पाच मिनिटं, आणि शेवटी खाऊ. हजेरीचा प्रश्न मात्र सोडू नका, आणि तो इतका सोपा ठेवा की उत्तर चुकूच शकणार नाही.

इतिहासातला एक तुकडा तुमच्या कामाचा आहे म्हणून सांगते. १९०२ च्या जानेवारीत ओहायोत स्प्रिंगफील्डला ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा अधीक्षकांनी कोर्टाच्या तळघरात मुलं जमवून हे सुरू केलं, मक्याचे प्रयोग, लिटमस कागदाने माती तपासणं असं. त्या काळात विद्यापीठाचं नवं बियाणं, नवी पद्धत मोठे शेतकरी ऐकायला तयार नसत, पण स्वतःच्या पोराने कोपऱ्यातल्या तुकड्यात घेतलेलं पीक डोळ्यांनी दिसायचं. तेव्हा तुमच्या शाळेच्या वाफ्यात काय उगवतं ते गाव बघणार आहे.

शहरी_बाबा

बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. झाकणाच्या ओळीपाशी ती गप्प झाली. पुढच्या महिन्यात मीटिंगला जाऊन बसायचं ठरलंय, सुरुवात कुंड्यांपासून. धन्यवाद मंडळी.

झेडपी_गुरुजी (दोन महिन्यांनी)

उशीर झाला, परीक्षा होत्या. सांगायला आलोय.

पहिली गोष्ट, मी वाफे आखायचं बंद केलं. मुलांनी चार-पाच जणांचे गट केले, एकेक वाफा गटाचा. अध्यक्ष निवडला, मत चिठ्ठीने, सातवीतली मुलगी आली निवडून. हातोडी नाही, डस्टर वापरतो. हजेरीचा पहिला प्रश्न होता, आज डब्यात काय आणलं. दुसऱ्या मीटिंगला प्रश्न मुलांनीच ठरवला, तुझ्या घरी सगळ्यात म्हातारं झाड कोणतं. एका मुलाने सांगितलं आमच्या दारात चिंच आहे, आजीच्या लग्नाच्या आधीची. मी सात वर्षं या शाळेत आहे, मला ते माहीत नव्हतं.

पहिल्या दोन आठवड्यांत बाग आधीपेक्षा वाईट दिसत होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. एका गटाने मुळा इतका दाट पेरला की नुसता पाला आला. मला दिसत होतं, हात शिवशिवत होते विरळणी करायला, तोंड बंद ठेवलं. एका गटाचा पालक शेळीने खाल्ला.

परवा पालकसभेत कार्डं वाचली. मुळ्याच्या गटाचं कार्ड : 'ध्येय, जास्तीत जास्त मुळे काढणे. काय केलं, सगळं बी एका वाफ्यात टाकलं. काय शिकलो, मुळ्याला शेजारी नको.' पालकवाल्यांचं : 'आधी कुंपण, मग पालक.' आणि मेथीवाल्या गटाने विक्रीचा हिशेब मांडला, शाळेला लागली तेवढी दिली, उरलेल्या जुड्या शिक्षकांना विकल्या, त्या पैशातून पुढचं बी आणायचा ठराव झाला, अनुमोदनासकट. एक वडील उठून म्हणाले, गुरुजी हे आमच्या सोसायटीच्या मीटिंगला पाठवा यांना.

बांधावरून दादा, तुमचं ऐकून हे सगळं तासाच्या वेळेत करतो, गणिताच्या आणि मराठीच्या. सुट्टीत कुणाला बोलावत नाही.

बांधावरून

गुरुजी, मुळ्याच्या पोरांना माझ्याकडून एक चांगली वही द्या, मी पाठवतो. पत्ता मेसेज करा. आणि ते कार्ड इथे टाका ना, मी आमच्या गावच्या शाळेत देतो.

झेडपी_गुरुजी

रविवारी टाकतो. फक्त एक बदल झालाय. ताईंच्या कार्डावर तीन प्रश्न होते, मुलांनी मीटिंगमध्ये ठराव करून चौथा घातला : 'तुला कोणी मदत केली?' ४१ पैकी २३ मुलांचं उत्तर आहे, आजी.

रानवारा

गुरुजी, चौथा प्रश्न आमच्या क्लबच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडायला मुलीला सांगितलंय. प्रस्ताव तिचा, अनुमोदनाला तिने आत्ताच मैत्रिणीला फोन लावलाय.